उजव्या पिळाची चोटी

हैदराबादच्या कोठी भागात जयवंताबाईंचं घर शोधायचं तर 'चोटीवाल्या बाई' म्हणून विचारावं लागे, आणि नवखा माणूस तिथंच फसे. त्याला वाटे, बाई रिबिनी विकत असतील, गंगावनं विकत असतील, फार तर लग्नघरी जाऊन नवरीची वेणी घालून देत असतील. दार उघडे तेव्हा समोर घट्ट अंबाडा बांधलेली, पदर कमरेला खोचलेली बाई उभी, आणि तिच्या हातात तांब्याच्या तारा. "आखूड पाहिजेत का लांब?" असं तिनं विचारलं की पाहुणा गोंधळून आपल्याच डोक्यावरून हात फिरवायचा.

ही चोटी म्हणजे विजेच्या कामातला वीतभर तारेचा तुकडा. मोठ्या तारेतून निघून दिव्यापर्यंत किंवा बटणापर्यंत जाणारा, दोन्ही टोकांना सोललेला आणि पिळलेला. पण हे सगळं जयवंताला नंतर कळलं. छप्पन साली ती नुसती जयवंता होती, हिम्मतराव वायरमनची बायको, आणि तिला स्वयंपाकघरात एक दिवा हवा होता.

हिम्मतराव बिजली महकम्यात, म्हणजे वीजखात्यात, नोकरीला होता. सकाळी खांद्याला पिशवी लावून निघायचा तो शहरभर दिवे लावत हिंडायचा. कोणाची हवेली, कोणाचं दुकान, कोणाचा दवाखाना. घरात मात्र एकच बल्ब. तो लांब वायरीला लोंबायचा. बाहेरच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवला की बाहेर उजेड, आणि भाकरीच्या वेळी तोच उचलून आतल्या खिळ्याला. बल्ब आत गेला की बाहेर जपमाळ ओढणारी सासू चतुराबाई अंधारात बसायची. तिनं त्या बल्बाचं नाव 'फिरता पाहुणा' ठेवलं होतं. "आला का गं पाहुणा? का अजून तुझ्याकडंच जेवतोय?" असं ती बाहेरून विचारायची.

"अहो, आत एक दिवा द्या की लावून," जयवंता म्हणायची.

"अगं, जायचंय आपल्याला. जाताना भिंतीवरची वायर उपटून नेणार का?"

त्या वर्षी हैदराबादेत जिथं चार माणसं जमत तिथं हाच विषय. राज्य भाषेप्रमाणे वाटलं जाणार होतं. तेलुगू मुलूख आंध्राबरोबर, कानडी म्हैसूरकडं आणि मराठवाडा मुंबई राज्यात. सरकारी नोकरांना कुठं जायचं ते विचारणार, असं सगळे म्हणत होते. हिम्मतरावाला विचारायची गरजच नव्हती. नांदेड म्हणा, परभणी म्हणा, जिथं विजेचा खांब उभा राहील तिथं जायला तो तयार होता. जिंतूरजवळच्या गावी त्याचे भाऊ शेती करत होते, घर मोठं होतं, आणि शिवाय आईचा जीव गावाकडं ओढतो, असं तो ज्याला त्याला सांगे.

जयवंताचा जीव मात्र कोठीत रमला होता. सासरच्या त्या मोठ्या घरात ती सगळ्यांत धाकटी सून होती. तिथं सगळ्यांची ताटं उठल्यावर तिचं पान मांडलं जायचं, आणि चुलीपासून विहिरीपर्यंतची वाट एवढंच तिचं जग होतं. इथं ती पिशवी घेऊन एकटी बेगम बाजारात जायची. मिरच्यांच्या पोत्यांमधून शिंकत शिंकत वाट काढायची, तेलुगूत भाव विचारायची, उर्दूत घासाघीस करायची आणि मराठीत मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घालून परत यायची. संध्याकाळी कोठीचे दिवे लागत तेव्हा ती गच्चीच्या जिन्यावर क्षणभर थांबे. दिवे एकदम लागत नसत. आधी एक खिडकी, मग दुकानाची पाटी, मग लांबची एक कमान. यातले काही आपल्या नवऱ्याच्या हातचे आहेत, हे तिला ठाऊक होतं. कुठले, ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे ती सगळ्यांकडंच आपले म्हणून बघायची.

एकदा जेवताना ती सरळ म्हणाली, "मला नाही जायचं."

हिम्मतराव हसला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त आपलं ठरलं की जगाचं ठरलं असं त्याला वाटे. "इथं आपलं काय आहे? हे घर भाड्याचं, ही नोकरी सरकारची, ही भाषा परक्यांची. एक गोष्ट दाखव आपली. दसऱ्याच्या आत दाखव, राहतो."

"शब्द?"

"शब्द."

तो हसतच हात धुवायला उठला. जयवंता हसली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी गौसमियाँ चहाला आले. हिम्मतरावाला हातात पक्कड धरायला ज्यांनी शिकवलं ते हे उस्ताद. महकम्यातून निवृत्त होऊन त्यांनी कोठीतच छोटंसं दुकान टाकलं होतं. लग्नाकार्यात, सणासुदीला रोषणाई करायचं काम घेत. आल्या आल्या त्यांनी तारांच्या तुकड्यांनी भरलेली पिशवी खाली ठेवली आणि चष्मा काढून कपाळ दाबलं.

"आँखां जवाब देरे हिम्मतराव. अप्पाराव सेठ की बेटी की शादी है, पूरी गली में बत्त्याँ लगाना है. हर बत्ती कु एक चोटी होना. कौन बनाएगा इत्त्याँ चोट्याँ?"

"चोटी कशाला लागते दिव्याला?" आतून चहा घेऊन येताना जयवंतानं विचारलं.

गौसमियाँना शिकवायला फार आवडे. त्यांनी पिशवीतून तारा काढून सतरंजीवर मांडल्या. अडाणी कारागीर काय करतो? मोठी तार पहिल्या दिव्यात घालतो, तिथून काढून दुसऱ्यात घालतो, तिथून तिसऱ्यात. मग मधला एक दिवा काढला की पुढची सगळी ओळ अंधारात. शहाणा कारागीर मोठ्या तारा एकमेकींना बाहेरच जोडतो आणि त्या जोडातून एक आखूड तार दिव्याकडं सोडतो. दिवा राहो की जावो, ओळ चालू राहते.

"म्हणजे एक जण उठून गेला तरी पंगत मोडत नाही," जयवंता म्हणाली.

गौसमियाँनी हिम्मतरावाकडं पाहिलं. "तेरेकु समझने कु कित्ते दिन लगे थे रे?"

हिम्मतरावानं चहाच्या कपात तोंड घातलं.

"पण हे नाव तरी काय, चोटी!"

"नाम का किस्सा अलग है," गौसमियाँ म्हणाले. "जवानी में मेरा सायब विलायती था. उनो इसकु पिगटेल बोलते थे. मतलब मैं नै बोलता. हिम्मतराव, तू बोल."

"डुकराची शेपटी."

गौसमियाँनी दोन्ही कानांना हात लावले. "तौबा. दिन भर उसका नाम लेके काम करना? मैं बोला, सायब, काम करता हूँ, पन ये लफ्ज मेरे मुँह में नक्को. मैं चोटी बोलूँगा. सायब खूब हँसा. बोला, बोलो मियाँ, तार कु क्या समझता."

तेव्हापासून त्यांच्या हाताखाली जो शिकला तो चोटीच म्हणू लागला.

"पण तार बघून साहेबाला डुक्कर कुठून आठवलं?" जयवंताचं समाधान झालं नव्हतं.

ते हिम्मतरावाला उस्तादांकडूनच कळलं होतं. साहेबाच्या देशात जुन्या काळी तंबाखूची पानं पिळून त्यांची दोरी करून विकत. ती पिळलेली दोरी दिसायला डुकराच्या शेपटीसारखी, म्हणून पहिल्यांदा तंबाखूला ते नाव पडलं. पुढं तिकडचे शिपाई आणि खलाशी पाठीवर लांब वेणी सोडायला लागले, तर तंबाखूचं नाव वेणीला चिकटलं. आणि वेणीवरून ते कधीतरी या तारेवर आलं.

जयवंतानं एक तुकडा उचलून बोटांत फिरवला. "तंबाखू गेली, केस गेले, तार आली. पीळ तेवढा राहिला."

"शेपटी म्हणा नाहीतर चोटी म्हणा," बाहेरच्या खोलीतून चतुराबाईचा आवाज आला, "रविवारी तरी त्या तारा घरात नका आणू. बसायला जागा नाही."

पण जयवंता तोवर सतरंजीवर बसली होती. तिनं सुरीनं तारेचं कापडी आवरण सोललं, आतले केसासारखे तांब्याचे धागे बोटांत धरले आणि तळहातांमध्ये एकदा फिरवले. धागे असे बसले की जणू ते कधी सुटे नव्हतेच. गौसमियाँनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं.

"कहाँ सीखी बेटी?"

"माझे वडील अंबाडीचे दोर वळायचे," ती म्हणाली. "आमच्या घरी बोलता बोलताही हात वळतच असायचे."

खरंच तसं होतं. तिच्या माहेरी ओसरीवर वाखाचा ढीग असायचा, आणि बाप-लेक समोरासमोर बसून दोर वळायची. पंचक्रोशीतली गुरं तिच्या बापाच्या दाव्यांना बांधलेली असत. जयवंताला लिहिता येत नव्हतं तेव्हापासून पीळ देता येत होता.

गौसमियाँ पिशवी तिथंच ठेवून गेले.

नंतरचे दिवस भुर्रकन गेले. जयवंता सकाळचं काम उरकून तारा घेऊन बसायची. कापायच्या, सोलायच्या, पिळायच्या, जुड्या बांधायच्या. गौसमियाँनी जुडी हातात घेऊन वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. हिम्मतरावसुद्धा म्हणाला, "दिसतात झकास." मग तिला धीर आला. ती म्हणाली, "ही बघा इथली आपली गोष्ट."

"अजून दिवा कुठं लागलाय?" तो म्हणाला. "लागू दे, मग बघू."

अप्पाराव सेठ बेगम बाजारातले लोखंडाचे व्यापारी. त्यांच्या मुलीच्या लग्नाची संध्याकाळ आली तेव्हा गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांच्या माळांनी भरलेली होती. गौसमियाँनी सगळ्यांना बोलावलं होतं. हिम्मतराव शिडी धरायला, जयवंता आणि चतुराबाई बघायला. ऊन उतरलं, गौसमियाँनी बटण दाबलं, आणि गल्ली उजळली. जयवंतानं आयुष्यात पहिल्यांदा दिवे बघताना 'हे माझे' असं नेमकं म्हटलं. मनातच म्हटलं.

वऱ्हाड आलं आणि एक दिवा मिचकला.

मग दुसरा. मग लांबचा एक विझला तो विझलाच. वारा जरासा सुटला होता, माळा हलत होत्या, आणि हलतील तसतसे कुठं ना कुठं दिवे डोळे मिटत होते. ओळ चालू होती, पण बोळकं व्हावं तशी दिसत होती.

अप्पाराव सेठ धोतर सावरत आले. "क्या गौसमियाँ, बत्त्याँ मेहमानां कु आँख मार रे क्या?"

"खुशी में मार रे सेठ," गौसमियाँ म्हणाले आणि या वयात शिडी चढले.

वरून त्यांनी एक होल्डर उघडून हिम्मतरावाच्या हातात दिला. स्क्रूखाली दाबलेलं जयवंताचं घट्ट टोक उलगडून केरसुणीसारखं पसरलं होतं. पाच-सहा धागे स्क्रूखाली, बाकीचे हवेत. हिम्मतराव दुसरी शिडी लावून चढला, आणि जेवणं होईपर्यंत गुरू-चेला दोघं गल्लीभर टोकं पुन्हा पिळत आणि आवळत फिरले. लग्न लागलं, पंगती उठल्या, पाहुण्यांनी दिव्यांच्या मिचकण्यावर चार विनोद केले आणि जिलबी खाल्ली. कोणाचं काही बिघडलं नाही. फक्त परतताना जयवंता सगळ्यांच्या मागून चालत होती.

गौसमियाँनी तिला बोल लावला नाही. हिम्मतरावाजवळ निरोप तेवढा पाठवला, "बेटी कु बोलो, थक गई होगी, आराम करे."

नवी पिशवी आली नाही. हा निरोप शिवीपेक्षा जास्त लागला.

"जाऊ दे गं," हिम्मतराव म्हणाला. "गावी गेल्यावर दोर वळ की पाहिजे तेवढे." तो खरोखर समजूत घालत होता, म्हणून तर ते ऐकवत नव्हतं.

बल्ब या खिळ्यावरून त्या खिळ्यावर जात राहिला.

बरेच दिवस जयवंतानं तारांकडं बघितलं नाही. मग एका दुपारी कपडे वाळत घालताना तिची नजर दोरीवर गेली. तिनंच वळलेली दोरी, बापाच्या पद्धतीची. तिचा पीळ कसा चालला होता ते ती पहिल्यांदाच नीट बघत उभी राहिली. मग आत येऊन तिनं हिम्मतरावाच्या पिशवीतलं एक मोडकं बटण काढलं, स्वतःची एक चोटी काढली आणि टोक स्क्रूभोवती घालून स्क्रू आवळायला घेतला.

स्क्रू उजवीकडं फिरला. तिच्या चोटीला पीळ होता डावा. स्क्रू फिरत गेला तसा तो तिचा पीळ हलकेच सोडवत गेला. एखाद्यानं लाडीगोडी लावून गाठ सोडवावी तसा. पूर्ण आवळला तेव्हा धागे मोकळे होऊन पसरले होते.

तिनं दुसरं टोक उलट्या बाजूनं पिळलं. ओबडधोबडच झालं. पण स्क्रू फिरवला तसे धागे त्याच्याबरोबर वळले, आवळले आणि दात रोवल्यासारखे बसले. ती ओढून थकली, निघेना.

चूक म्हणावी तर तिच्यात काही चुकलं नव्हतं. दोर म्हणून त्या चोट्या उत्तम होत्या. म्हैस बांधली असती तरी सुटली नसती.

आता फक्त हात फिरवायचा होता, आणि तेच होईना. डोळे लावून बसली की उजवा पीळ यायचा. मनात जरा दुसरा विचार आला की हात आपल्या जुन्या वाटेनं डावीकडं. मग तिनं हाताला वळण लावायचं ठरवलं. धुणं उलटं पिळायला लागली. लिंबू उलटं पिळायला लागली. समईच्या वाती उलट्या वळल्या, त्या तेलात पडल्या पडल्या उलगडल्या.

"काय चाललंय हे?" चतुराबाईनं विचारलं. "लुगडं उलटं पिळलंस, अजून पाणी गळतंय. सूनच उलटी फिरली की काय माझी?"

जयवंतानं बटण, चोटी, स्क्रू सगळं समोर ठेवून सांगितलं. चतुराबाईनं ऐकून घेतलं, जपमाळ गळ्यात टाकली आणि हात पुढं केला. "आण इकडं."

हात पुढं आला तो डावा. चतुराबाई डावखुरी होती. लहानपणी तिचा तो हात आईनं ओच्याला बांधून ठेवला, सासरी आल्यावर सासूनं नजरेनं बांधला. पंगतीत वाढायची पाळी तिच्यावर कधी आली नाही. आली असती तर उजव्या हातानं तिनं निम्मं वरण जमिनीवर वाढलं असतं. चार लोकांत ती उजव्या हातानं वागे आणि एकटी असली की डाव्यानं जगे.

तिनं धागे तळहातांमध्ये धरले आणि डावा हात पुढं सारला. जयवंताच्या हातात जे डावीकडं जात होतं ते तिच्या हातात आपोआप उजवीकडं गेलं. बघता बघता टोक तयार. जयवंतानं ते स्क्रूला लावलं, आवळलं, ओढलं. हललं नाही.

"आत्याबाई!"

"ओरडू नकोस. दुसरी सोल."

दोघी कामाला लागल्या. जयवंतानं कापायचं, सोलायचं; चतुराबाईनं पिळायचं. दुपारभर हात चालले, आणि हात चालले की तोंडंही चालतात.

"तुम्हाला गावी जायचंय ना, आत्याबाई?" जयवंतानं बिचकत विचारलं. हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलाच नव्हता. उत्तर मात्र सगळ्यांना माहीत होतं.

"कोण म्हणतं?"

"हेच म्हणतात. आईचा जीव गावाकडं ओढतो म्हणून."

"माझा जीव गावाकडं?" चतुराबाईनं टोक दातांनी दाबून सरळ केलं. "माझ्या जावा अजून ठणठणीत आहेत तिथं. मी डाव्या हातानं तांब्या उचलला की बोलायच्या नाहीत काही. पण माझ्यामागं तो तांब्या पुन्हा घासायला टाकायच्या. इथं नळाला कोण बघतंय, कुठल्या हातानं सोडला ते? तू बघितलंस कधी?"

जयवंतानं खरंच कधी बघितलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"विचारलं का त्यानं?" चतुराबाई म्हणाली. "सोल, सोल. बोलत बसलीस."

श्रावण संपत आला तेव्हा जयवंता एकटीच गौसमियाँच्या दुकानी गेली. पदराखाली एक जुडी होती. "उस्ताद, एक बटण आणि पेचकस द्या," एवढंच म्हणाली. गौसमियाँनी दिलं. तिनं त्यांच्यासमोर चोटी स्क्रूला लावली, आवळली आणि बटण त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी डोळ्यांवर भरवसा न ठेवता बोटांनी चाचपलं. मग ओढलं. मग दुकानाच्या कडीला बटण अडकवून दोन्ही हातांनी ओढलं. चोटी मधून तुटायला आली, टोक सुटलं नाही.

"किसका हात है ये?"

"घरचाच आहे."

"तो फिर कायकु छुपा के रखी थी इत्ते दिन?" आणि त्यांनी खालून पिशवी काढली. "गणपती आ रे. गली का मंडप मेरे पास है. हिम्मतराव कु बोलना क्या?"

"नका बोलू."

"नक्को तो नक्को."

त्या वर्षी गल्लीतल्या गणपतीला माळा आडव्या-उभ्या अशा टाकल्या होत्या की खालून आभाळ दिसेना. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले आणि त्याबरोबर वाराही सुटला. भाद्रपदातला वारा, त्याला पोच नसतो. माळा झोके घ्यायला लागल्या. हिम्मतराव शिडीजवळ पक्कड हातात घेऊन तयारच उभा होता. तो या दिव्याकडं बघे, त्या दिव्याकडं बघे. आरती सुरू झाली, टाळ्या वाजल्या, कापूर जळाला. एकही दिवा मिचकला नाही.

जयवंता बायकांच्या रांगेत उभी होती. ओठ आरती म्हणत होते, डोळे मात्र देवाकडं नव्हते. ते नवऱ्याच्या पाठीवर होते.

आरती झाल्यावर हिम्मतरावाला राहवेना. कारागीर माणूस, न बिघडलेल्या गोष्टीचाच त्याला जास्त संशय. तो शिडी चढला आणि एक दिवा ओळीतून सोडवून खाली घेऊन आला. एक जागा रिकामी झाली. बाकी ओळ तशीच तेवत राहिली. त्यानं होल्डर उघडला, स्क्रू सैल केला, टोक उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा तुझा पीळ नाही," तो जयवंताला म्हणाला.

"नाही."

"उस्तादांचाही नाही. त्यांचा मला माहीत आहे. मग कोणाचा?"

जयवंता बाजूला झाली. मागं चतुराबाई प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा घेऊन उभी होती. तो तिनं मुलासमोर धरला, आणि धरला तो डाव्या हातात. भर गल्लीत, शेजारणींच्या देखत.

हिम्मतराव हाताकडं बघत राहिला. मग टोकाकडं. मग पुन्हा हाताकडं.

"बघतोस काय? खोबरं घे," चतुराबाई म्हणाली. "आणि तो दिवा परत लाव आधी. ओळ बोडकी दिसतीय."

त्यानं खोबरं घेतलं, तोंडात टाकलं आणि दिवा लावायला चढला. वर गेल्यावर त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

विसर्जनानंतर काही दिवस घरात तो विषय निघाला नाही. दसरा जवळ येत होता. जयवंतानं आठवण करून दिली नाही. शब्द त्याचा होता, आठवणही त्यालाच ठेवायची होती. शेजारची दोन घरं नांदेडला जायची म्हणून बांधाबांध करत होती, आणि त्यांच्या ट्रंकांचे आवाज भिंतीतून येत.

मग एका सकाळी हातोडीचा आवाज आला तो शेजारून नव्हे, स्वयंपाकघरातून. जयवंता धावत आत गेली. हिम्मतराव लाकडी पट्टी भिंतीला ठोकत होता. चुन्याचे पोपडे पिठाच्या डब्यावर पडत होते. पट्टीवरून वायर छताकडं चालली होती.

"अहो, पीठ!"

"झाक मग." त्यानं तोंडातला खिळा काढला. "एक चोटी दे."

जयवंतानं फळीवरच्या जुडीतली एक काढून दिली. त्यानं ती बोटांत फिरवून पाहिली.

"आईच्या हातची का?"

"ओळखा."

त्यानं उजेडाकडं धरली, चाचपली, ओढली. ओळखू आली नाही. ती जयवंताच्या हातची होती. हाताला अखेर वाट सापडली होती, कधी सापडली ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. तिनं ते सांगितलं नाही. त्यानं चोटी जोडात घातली, फीत गुंडाळली आणि स्क्रू उजवीकडं आवळला.

संध्याकाळी दोन्ही खोल्यांत उजेड होता. जयवंता भाकरी थापत होती आणि पहिल्यांदाच तिची सावली तव्यावर पडत नव्हती. बाहेर चतुराबाई जपमाळ ओढत होती.

"आई," हिम्मतराव तिच्याजवळ टेकत म्हणाला, "तुला गावी जायचं नव्हतं?"

चतुराबाईनं मणी मोजणं थांबवलं नाही. डोक्यावरच्या बल्बाकडं एकवार बघितलं.

"पाहुणा मुक्कामाला आला ते बरं झालं," ती म्हणाली. "आता जेवायला वाढ म्हणावं."

पुढं महकम्यात विचारणा झाली तेव्हा हिम्मतरावानं काय सांगितलं, हे त्यानं घरी येऊन वेगळं सांगितलं नाही. घराच्या भिंतीला नंतर आणखी पट्ट्या ठोकल्या गेल्या. गौसमियाँचं दुकान त्यांच्या मुलानं चालवलं, त्याच्यासारखे आणखी दोन-तीन दुकानदार जयवंताकडून चोट्या नेऊ लागले, आणि चतुराबाई गेली तेव्हा तिच्या उशाखाली सोललेल्या तारांचे तुकडे निघाले.

जयवंताबाई म्हाताऱ्या झाल्या तरी त्यांच्या घरी कपडे वाळत घालायची दोरी त्यांनीच वळलेली असायची. मुद्दाम बघितलं तर दिसायचं, तिचा पीळ डावा होता.